अखंड दिव्याचं तेल

पौष लागला की आमच्या खासबागेतल्या घरात मी अजून रोज सकाळी कोठीची खोली तपासतो. पोत्यांच्या मागे, फडताळाच्या खाली, चुलीजवळच्या लाकडांच्या ढिगात. घरचे हसतात. परवा तांदळाच्या पोत्यामागे एक मेलेला उंदीर सापडला. मी चिमट्यानं उचलला, परसात नेला, रॉकेल ओतून जाळला आणि खोली तीन दिवस बंद ठेवायला सांगितली. थोरला मुलगा म्हणाला, "बाबा, मांजरानं मारलाय तो. मानेवर दातांचे व्रण दिसत होते." असतील. मीही पाहिले होते. तरी मी खोली उघडली नाही.

रॉकेलचा आणि जळलेल्या केसांचा वास दिवसभर परसात राहिला. त्या वासाबरोबर जे वर येतं ते दुःख असावं, असं लोकांना वाटतं. मला राग येतो. तीस वर्षं झाली तरी तो शिळा होत नाही.

आताच्या मुलांना प्लेग म्हणजे आजोबांची गोष्ट वाटते. आमच्या विशीत तो ऋतूच होता. पावसाळा संपावा, भात कापून व्हावं, थंडी पडावी आणि कुणीतरी हळू आवाजात सांगावं की अमक्या गल्लीत उंदीर पडायला लागले. मग सगळं बेळगाव बोचकी बांधायचं. माळावर झोपड्या उभ्या राहायच्या. बांबूच्या तट्ट्या, वर उसाचं पाचट, खाली शेणानं सारवलेली जमीन. आमचा तळ कंग्राळीच्या बाजूच्या माळावर होता. पहाटे धुकं इतकं दाट असायचं, की शेजारच्या झोपडीतला खोकला ऐकू यायचा पण झोपडी दिसायची नाही. पोरं खूष असत. शाळा झाडाखाली, तीही अर्धा दिवस. मोठी माणसं एकमेकांना म्हणत, "हवा बाकी छान आहे हो इथली." जीव वाचवायला पळून आलेल्या लोकांनी माळावरसुद्धा जातवार रांगा आखून घेतल्या होत्या. उंदरांनी तेवढा भेद केला नव्हता.

मी त्या वर्षी म्युनिसिपालटीत हंगामी कारकून म्हणून लागलो होतो. मॅट्रिक झालेला, नवा कोट घातलेला. तळावरून गावात जाणाऱ्या रस्त्यांवर दोन नाके बसवले होते. एक आमच्या बाजूला, दुसरा ओढ्यापलीकडे. मला पहिला नाका मिळाला. काम सोपं होतं. पास असेल त्याला सोडायचं, नसेल त्याला परत पाठवायचं, आणि गल्लीवार उंदरांची खबर गोळा करायची. आकडे मला लहानपणापासून आवडतात. आकड्यांना कुणाची भीड नसते. थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की ज्या गल्लीत आज उंदीर पडतात, तिथं पंधरवड्याच्या आत माणसाला ताप येतो. ही काही माझी विद्या नव्हती. गावातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि त्याप्रमाणे वागणं यांमध्ये मात्र फार माणसं उभी असतात.

त्यांपैकी पहिले आमचे हेडक्लार्क. रोज सकाळी नाक्यावर येत, उन्हात पाठ शेकत उभे राहत आणि मला घडवत. "हे बघ, तू हुशार आहेस. पण जबाबदारी म्हणजे नुसता नियम नव्हे. समतोल पाहिजे. समोर कोण उभं आहे ते बघून हात सैल-घट्ट करायचा. त्यालाच नोकरीत मुरणं म्हणतात." मी मान डोलवत असे. त्या वयात वडीलधाऱ्या माणसाचं वाक्य गोल असलं की ते खरंच वाटतं.

दुसरे वकीलआप्पा. हे माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. आम्ही तिला आक्का म्हणतो. त्यांच्या घराचं गावात नाव होतं, आणि त्या नावात सर्वांत मोठा वाटा होता त्यांच्या देवघरातल्या नंदादीपाचा. देव दगडी ओट्यात बसवलेला, जागचा न हलणारा. त्याच्यापुढे समई. आप्पांच्या आजोबांनी लावली तेव्हापासून विझलेली नाही, असं सांगत. बाकीच्या लोकांनी आपापले देव डब्यात घालून माळावर आणले होते. वकीलआप्पांचा देव घरीच राहिला, आणि दिवाही.

शिवाय त्यांच्या घराची कौलंसुद्धा काढलेली नव्हती. तेव्हा रिकाम्या घरांची थोडी कौलं काढून ठेवत, म्हणजे आत ऊन पोचावं. मी त्या गल्लीतून एकदा हिंडलो होतो. ज्या खोल्यांनी जन्मात ऊन पाहिलं नव्हतं, त्यांच्या जमिनीवर पिवळे चौकोन पडलेले. पाळण्याच्या कड्या, भिंतीवरचे तेलकट डाग, चुलीमागचा काळा कोपरा, सगळं उघडं. त्या ओळीत एकच घर झाकलेलं होतं. देवघरावरची कौलं काढायची नाहीत, असं आप्पांनी सांगितलं होतं, आणि त्यांना नाही म्हणणारा मजूर गावात नव्हता. त्या घराच्या मागच्या भिंतीला लागून एका भुसाऱ्याची धान्याची वखार होती. वखारीत उंदीर पडल्याची खबर मला येऊन चार दिवस झाले होते.

आप्पा नाक्यावर आले तेव्हा अंगावर शाल होती आणि हातात चांदीच्या मुठीची काठी.

"आमच्या घरचं एक माणूस रोज तासभर गावात जाईल," ते म्हणाले. "दिव्याला तेल घालायला. तू घरचाच आहेस, म्हणून आधी तुला सांगतो."

"आप्पा, तुमच्या घरामागं उंदीर पडलेत."

"वखारीत पडलेत. घरात नाहीत."

"भिंत एकच आहे."

ते हसले. कोर्टात समोरच्या वकिलाला हसत तसे. मी धीर करून म्हणालो, "ज्योत कंदिलात घेऊन झोपडीत आणूया. इथं तेवत राहील. मी स्वतः जाऊन आणतो, आजच." मनापासून बोललो होतो. एकदाच जायचं, दार उघडायचं, कंदील लावायचा, निघायचं.

"देव तिथं आणि दिवा इथं?" आप्पा म्हणाले. "बाळ, परंपरा म्हणजे काय हे तुला वयानं कळेल. काही गोष्टी जिवापेक्षा मोठ्या असतात."

कुणाच्या जिवापेक्षा, हे मी विचारलं नाही. कारण मला वाटलं ते स्वतःच जाणार आहेत. शपथेवर सांगतो, मला तसंच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टांग्यातून कोर्टाकडे गेले, कोर्ट कँपाच्या मोकळ्या हवेत हलवलं होतं तिकडे, आणि नाक्यावर तेलाची लोटी घेऊन उभी राहिली आक्का.

मी तिला अडवलं. पास नव्हता, आणि असता तरी अडवलं असतं. ती चिडली. डोक्यावरचा पदर नीट करत, इकडंतिकडं बघत दात ओठ खाऊन म्हणाली, "सोड की रं. चार बायका बघायला लागल्यात. भाऊ झाला म्हणून काय रस्त्यात लाज काढतोस व्हय?"

"आक्का, तिथं मरण आहे."

"हितं काय हाय? एका झोपडीत नऊ माणसं. सासऱ्यापुढं बसायचं न्हाय, सासूपुढं पडायचं न्हाय. पाठ टेकायची म्हटलं तर रातच्याला, ती बी कुशीवर. तिथं तासभर भुईला पाठ लावून पडीन म्हणून निघाले, माहीत हाय तुला? दिव्याचं कौतुक त्येंना. मला भुईचं हाय."

 बाईमाणसाला पाय पसरायला प्लेगच्या घरात जावं लागतं, हे माझ्या कुठल्याच आकड्यात नव्हतं. पण मी वाट सोडली नाही. तिच्या हातातली लोटी घेतली आणि तिला परत पाठवलं. जाताना ती माझ्याकडे अशी बघून गेली की पुढे आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

आणि मला वाटलं, आपण जबाबदारी पार पाडली. छाती चार बोटं फुगली होती माझी.

आक्काची जाऊ होती. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. एकोणीस-वीस वर्षांची, चिकोडीकडची. आईबाप लहानपणी गेलेले, मामानं वाढवून लग्न करून दिलेलं आणि सुटकेचा श्वास टाकलेला. नवरा पुण्याला कायदा शिकत होता. मराठी बोलताना मध्येच कानडी शब्द यायचा आणि स्वतःच तोंडावर हात ठेवून हसायची. माझ्या नव्या कोटाची तिला फार गंमत. विहिरीवर जाता-येता पदराआडून ऐकवायची, "आक्का, तुमचा भाऊ आज किती उंदरांची हजेरी घेतला विचारा की. नापास किती झाले?" बायका खळखळून हसत. मला राग यायचा, पण तो त्या वयातला, गोड राग.

आठवड्याभरानं ती विहिरीवरनं येताना केसात झेंडूचं फूल दिसलं. माळावर झेंडू नव्हता; वकीलआप्पांच्या परसात होता. मी आक्काला निरोप पाठवून विचारलं. तेव्हा कळलं. आप्पांनी हेडक्लार्कना बोलावून चहा पाजला होता, आणि त्यांनी धाकटीच्या नावानं पास दिला होता. दुसऱ्या नाक्यावरचा. माझ्या नाक्यावर दिला असता तर मला वाईट वाटलं असतं ना. किती समतोल माणूस!

मी धाकटीलाच गाठलं. विहिरीपाशी, चारचौघींदेखत. म्हणालो, "वहिनी, जाऊ नका. मी सांगतो आप्पांना."

"अय्यो, तुमच्या नाक्यावरनं कुठं जाते मी? तुमची परीक्षा बिघडत नाही, भिऊ नका."

"चेष्टा नाही ही."

तिनं घागर कमरेवरनं खाली ठेवली. "तिथं कोणी नसतंय हो," ती म्हणाली. "दार लावून घेते न् मोठ्यांदा गाणं म्हणते. आमच्या मामाच्या गावची कानडी गाणी. इतकं मोठं घर, सगळीकडनं माझाच आवाज येतो. लग्न झाल्यापासून माझा आवाज मी ऐकला नव्हता." मग पुन्हा हसली. "आता जा. लोक म्हणतील, मास्तर उंदीर सोडून माणसं मोजायला लागला."

मी हेडक्लार्ककडे गेलो. ते म्हणाले, "तुझा नाका तू चोख ठेवलास. माझ्या टिपणात तसं लिहिणार आहे मी. दुसऱ्याच्या अखत्यारीत शिरणं ही शिस्त नव्हे." मी आप्पांकडे गेलो. ते म्हणाले, "हा आमच्या घरचा प्रश्न आहे." मी दुसऱ्या नाक्यावरच्या माणसाकडे गेलो. तो म्हणाला, "पास हाय तिच्याकडं. साहेबाची सही हाय. मी कोण अडवणार?" मग तिच्या नवऱ्याला पुण्याला पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही. बाकी तिघांकडे एकेक कारण होतं, आणि एकेक कारण अगदी बरोबर होतं. तीन बरोबर कारणांची बेरीज इतकी चुकू शकते, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

संक्रांतीच्या आधी धाकटीला ताप भरला. थंडी बाधली म्हणून दोन दिवस लपवलं. तिसऱ्या दिवशी काखेतली गाठ लपेना. तिला तळापासून लांब एका एकट्या झोपडीत ठेवलं. आक्का सगळ्यांचा विरोध मोडून तिच्याजवळ जाऊन बसली. शेवटी शेवटी धाकटी फक्त कानडी बोलत होती, आणि आक्काला तेव्हा ती भाषा नीट येत नव्हती. ती काय म्हणाली हे कुणालाच ठाऊक नाही. ती गेली तेव्हा भर दुपार होती. पलीकडच्या रांगेत कुणीतरी तीळ भाजत होतं आणि तो खमंग वास सगळ्या माळावर पसरला होता.

दिवस झाल्यावर मी आक्काला भेटलो. मला वाटलं होतं, ती म्हणेल, बाबा, तू वाचवलंस मला. मनात कुठंतरी मी त्या वाक्याची वाटच पाहत होतो.

ती म्हणाली, "मला तू आडवा आलास. ती गेली. तिला भाऊ नव्हता."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून 'जबाबदारी' हा शब्द कुणी भाषणात उच्चारला की मी आधी बघतो, बोलणाऱ्याचे पाय कुठं आहेत. दिवा आप्पांचा, देव आप्पांचा, कीर्ती आप्पांची. वाट चालणारे पाय सुनेचे. जिवापेक्षा मोठ्या गोष्टी सांगणारी माणसं फार पाहिली मी पुढे. जीव नेहमी दुसऱ्याचाच काढून देत होती. आणि समतोल! तागडीत दोन पारडी असतात. एकीकडे एका घराचा मोठेपणा, दुसरीकडे एका मुलीचा जीव. काटा मध्ये आणायचा तर दोन्हीकडे सारखं वजन धरावं लागतं. तसं ते धरणं हाच गुन्हा आहे. नोकरीत मी पुढे बराच चढलो. हाताखाली माणसं आली. त्यांनी मला कडक, आडमुठा, न मुरलेला म्हटलं. एवढं एक मी कमावलं, की माझ्या सहीचा कागद मी दुसऱ्या दारानं कधी पाठवला नाही, आणि दुसऱ्या दारानं काय चाललंय ते विचारायला कधी लाजलो नाही. विचारलं म्हणजे थांबतंच असं नाही. पण निदान माहीत नव्हतं असं म्हणायची सोय कुणाला ठेवली नाही.

आणि तो दिवा? धाकटी पडली तेव्हापासून त्या घरात कुणी गेलं नाही. आप्पा नाही, त्यांचे मुलगे नाहीत. परंपरा जिवापेक्षा मोठी होती, पण जाण्याइतकी मोठी नव्हती. फाल्गुनात तळ उठला. घर धुऊन काढलं, गोमूत्र शिंपडलं. देवघरात समई कोरडी पडलेली, वात काळी होऊन वळलेली. आप्पांनी सासूबाईंना, सासूबाईंनी आक्काला सांगितलं. "काडी मीच वढली," आक्का मला म्हणाली. "आगपेटीतली. दोन विझल्या, तिसरी लागली." त्याच संध्याकाळी भेटायला आलेल्या मंडळींना आप्पा सांगत होते, प्लेगातसुद्धा आमचा दिवा देवानं राखला. वर्षाच्या आत धाकट्या मुलाचं दुसरं लग्न झालं.

त्या दुसऱ्या लग्नाचा मुलगा गेल्या आठवड्यात माझ्याकडे आला. आप्पा कधीच गेले. हा आता पंचविशी ओलांडलेला, शाळेत मास्तर, बोलायला गोड. वाईट मुलगा नाही. आक्का पंधरा दिवसांसाठी माहेरपणाला माझ्याकडे आली होती. आतल्या दाराशी गहू निवडत बसली होती.

"काका, आमच्या नंदादीपाची पाचवी पिढी सुरू झाली," तो म्हणाला. "येत्या गुरुवारी छोटासा समारंभ ठेवलाय. विद्यार्थ्यांपुढं तुम्ही जबाबदारी, संस्कार यावर चार शब्द बोलावेत. प्लेगच्या वेळी तुम्ही नाक्यावर होतात म्हणे. तोही अनुभव सांगा. इतक्या संकटातही दिवा कसा अखंड राहिला ते."

माझ्या तोंडून काही निघायच्या आधी आतून आवाज आला.

"तुज्या बापाची पहिली बायको कोण रं?"

तो गोंधळला. "ती... प्लेगात गेली ना, काकू?"

"व्हय. नाव काय तिचं?"

तो माझ्याकडे बघू लागला. मग जमिनीकडे. पाच पिढ्यांतल्या सगळ्या पुरुषांची नावं त्याला पाठ होती. निमंत्रणपत्रिकेवर छापलेलीच होती.

"तुंगा," आक्का म्हणाली. "तुंगा नाव तिचं. दिव्याला तेल घालायला जात हुती. गाणं म्हणायची तिथं. ती मेली, दिवा बी इझला. दीड-दोन म्हयने इझलेला हुता. मी लावला परत, काडी वढून."

 मुलाच्या कपाळावर घाम आला होता, भर पौषात. मला त्याची थोडी कीव आली. त्याला जे मिळालं तेच तो पुढे सांगत होता. पण कीव आली म्हणून राग गेला नाही, आणि जाऊही दिला नाही.

"मी येतो," मी म्हणालो. "जबाबदारीवर बोलायचंय ना? बोलतो."

"काका, मुलं असणार समोर. घरची वडीलधारी माणसंही... प्रसंग मंगल आहे, म्हणजे जरा सांभाळून..."

"तुंगानं सांभाळलं तेवढं पुरे झालं."

तो पत्रिका पाटावर ठेवून उठला. वहाणा घालेपर्यंत आक्का गव्हाचं सूप बाजूला सारून दाराशी येऊन उभी राहिली.

"मी बी येणार हाय."

"या की काकू. बायकांची बसायची सोय मागच्या पडवीत केलीय."

"मागनं मला ऐकू येत न्हाय," आक्का म्हणाली. "पुढं खुर्ची ठेव. शब्द न् शब्द ऐकायचाय मला."